सेइलकान एजेचा भरलेला प्याला

सेइलकान एजे रोज सकाळी चहाचा समोवार पेटवायची आणि पहिला चहा स्वतःला न घेता निळ्या काठाच्या एका प्याल्यात ओतायची. दूध, चिमूटभर मीठ, सगळं नीट घालून. प्याला काठोकाठ भरायची. मग तो दस्तरखानाच्या, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या जेवणाच्या कापडाच्या, वरच्या टोकाला, घरचा पुरुष बसतो त्या जागी ठेवायची. तिथे कोणी बसलेलं नसायचं. तिचा स्वतःचा चहा पिऊन होईपर्यंत त्या प्याल्यावर साय धरायची. मग ती उठायची आणि एक थेंबही न सांडता तो प्याला दारातल्या जर्दाळूच्या मुळाशी रिकामा करून यायची.

आमच्याकडे भरलेला प्याला कोणी सहसा देत नाही. माणूस हवासा असेल तर प्याल्याचा तळ झाकेल इतकाच चहा ओततात. तो संपतो, पुन्हा मागितला जातो, पुन्हा ओतला जातो, आणि बोलणं लांबत राहतं. काठोकाठ भरून पुढे केला की पाहुण्याला कळतं, हा प्यायचा आणि उठायचं. तोंडाने कोणाला काही म्हणावं लागत नाही.

एजेचा, म्हणजे आमच्या या ताईचा, नवरा सादिरकुल त्या घरातून जाऊन वर्षं झाली होती. तरी ती त्याला रोज सकाळी नव्याने बाहेर काढायची.

"डोकं फिरलंय तिचं," असं गल्लीतल्या बायका म्हणायच्या. माझी आई तेवढी म्हणायची, "तिचं डोकं फिरलं असेल तर आपली खांद्यावर आहेत कशाला?"

ते घर एजेनं पायांनी बांधलं होतं. हे मी अलंकारिक म्हणत नाही. लग्नानंतर त्यांना पाटाच्या कडेला जागा मिळाली, तेव्हा सादिरकुल सामुदायिक शेतीवर ड्रायव्हर होता आणि आठवडेच्या आठवडे बाहेर असायचा. जीपार पोटात असताना एजे खड्ड्यात उतरून माती आणि पेंढा तुडवायची, साच्यात भरायची, विटा उन्हात मांडायची. शेजारी मदतीला यायचे, पण ते एखाद्या दिवसापुरते. मोठेपणी जीपार कुठल्याही भिंतीला टेकली की एजे म्हणायची, "नीट टेक, माझी पोटरी दुखते."

पुढे सामुदायिक शेती मोडली आणि तलासच्या खोऱ्यात राजमा आला. एजेनं पाटाखालच्या जमिनीत तो सगळ्यांच्या आधी पेरला. घराला लागून कोठार उभं राहिलं. सादिरकुल ट्रक घेऊन गावोगाव माल गोळा करायचा, आणि परदेशी व्यापारी आले की कोठारात खुर्ची टाकून बसायचा. बोलायचा तो, माल निवडून, सुकवून, पोत्यात भरून ठेवायची ती. घोड्यांचा कळप वाढला. बाजारात दुकान झालं. शेवटी बागेच्या बाजूला दोन नव्या खोल्या निघाल्या, मोठ्या खिडक्यांच्या. त्या एजेनं जीपारसाठी बांधून घेतल्या होत्या. जीपार लग्न होऊन शहरात गेली होती. तिनं मुलांना घेऊन उन्हाळाभर यावं म्हणून.

त्याच खोल्या सादिरकुलनं मीरगुलसाठी ठरवल्या.

मीरगुल बाजारात कापड विकायची. जीपारपेक्षा थोडीशीच मोठी होती. सगळ्या बाजाराला माहीत होतं, मग गल्लीला, आणि सगळ्यात शेवटी एजेला, कारण तिला सांगायचं धाडस कोणाला झालं नव्हतं. सांगायला आला तो सादिरकुलचा थोरला भाऊ कोइचुमान. डोक्यावर पांढरा लोकरी कलपाक घालून, दोन म्हाताऱ्यांना बरोबर घेऊन, हातात मखमली चापान आणि पांढरा रेशमी रुमाल. बाहेर खुंटाला एक घोडीही बांधली होती. रीतच आहे, थोरल्या बायकोच्या अंगावर असा चापानाचा कोट घालायचा, दारात जनावर बांधायचं आणि तिच्याकडून होकार घ्यायचा. आमच्या मशिदीचा मुल्ला थोरलीचा होकार स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय दुसरा निकाह लावत नसे.

एजेनं त्यांना आणि शेजारी येऊन बसलेल्या सादिरकुलला चहा दिला. थोडा थोडा.

"केलिन," कोइचुमान म्हणाला. आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोला म्हातारपणीही सूनबाईच म्हणतात. "तू या घराची थोरली. तुझा मान कुठे जात नाही."

"मग मान ठेवायचा कुठे, बायके? मागच्या खोलीत?" एजे म्हणाली. थोरल्या पुरुषाला आमच्याकडे बायके म्हणतात.

कोइचुमाननं भावाकडे पाहिलं. मागची खोली स्वयंपाकघराला लागून होती, आणि तेही ठरून गेलं होतं.

"तिथं ऊब असते," सादिरकुल म्हणाला. "चुलीची भिंत आहे."

"हो तर. मांजर तिथेच झोपते."

एका म्हाताऱ्याला हसू आलं, ते त्यानं दाढीत पुसलं. एजेनं चापान मांडीवर घेतलं, बाही उलगडून स्वतःच्या हाताला लावून पाहिली. बाही बोटांच्याही पुढे गेली.

"छान आहे. माप कोणाचं घेतलंत? ती उंच आहे वाटतं."

"एजे, राग धरू नका," दुसरा म्हातारा म्हणाला.

"राग कसला! मी हो म्हणणार आहे." चौघांनीही प्याले खाली ठेवले. "पण आधी नोटरीकडे जाऊ. आम्हा दोघांचं आजवर जे झालं त्यातलं यांचं कुठलं, माझं कुठलं, ते लिहून ठेवू. उद्या नव्या बाईला मुलंबाळं होतील. माझ्या जीपारला कोणी दारात उभं करायला नको."

"म्हणजे घटस्फोट हवाय तुला?" सादिरकुलनं विचारलं.

"कशाला? लग्न आहे तसं राहील. लग्नात राहूनच असा करार करता येतो, कधीही. आणि वाटणी तुम्हीच करा. तुम्हाला हवं ते तुम्ही उचला, उरेल ते मला."

कोइचुमान मोठ्यानं हसला. "लिहून दे रे! बायको तुझी, कागद बायकोचा, म्हणजे कागदही तुझाच."

हे 'तुम्हीच करा' एजेला वेनेरानं शिकवलं होतं. वेनेरा नोटरी, शाळेत दोघी एका बाकावर बसायच्या. बातमी कानावर तशी आधीच आली होती. कोणी सांगितलं नाही म्हणजे एजेला कळलं नाही, असं फक्त गल्लीला वाटत होतं. कोइचुमान यायच्या आधीच ती वेनेराकडे जाऊन आली होती.

"सगळं तुझ्याच नावावर करशील आणि त्याला उघड्यावर टाकशील," वेनेरानं बजावलं होतं, "तर तो कोर्टात जाईल आणि कोर्ट करार रद्द करेल. त्याला भरपूर राहू दे. आणि निवडू दे त्यालाच, साक्षीदारांसमोर. म्हणजे उद्या फसवलं म्हणता येणार नाही."

"बरं."

"पण सेइलकान, त्यानं घरच मागितलं तर?"

एजे म्हणाली म्हणे, "त्याला घर कधी दिसलेलंच नाही. तो नुसता त्यात बसतो."

तरी नोटरीकडे जायच्या दिवशी तिला भीती होतीच. त्यानं घर म्हटलं असतं तर मागच्या खोलीतून उठून जाण्याचीसुद्धा तिला सोय उरली नसती. हे तिनं पुढे माझ्या आईला सांगितलं, राजमा निवडता निवडता, मान वर न करता.

वेनेराच्या कचेरीत कोइचुमान आणि ते दोघे म्हातारे भिंतीला लागून बसले. वेनेरानं ओळखपत्रं समोर घेतली आणि एजेला म्हणाली, "नाव आणि आडनाव स्वतःच्या तोंडानं सांग. मोठ्यानं."

ही साधी गोष्ट नव्हती. आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही, मोठ्या दिरांचं घेत नाही. सासऱ्याच्या नावासारखा दुसरा कुठला शब्द असेल तर त्यालाही वळसा घालते. एजेचं आडनाव सासऱ्याच्या नावावरून पडलेलं. म्हणजे लग्न झाल्यापासून तिनं स्वतःचं आडनाव एकदाही उच्चारलं नव्हतं. दवाखान्यात, टपालात, मतदानाला ती ओळखपत्र पुढे करायची आणि समोरच्याला वाचू द्यायची. सासरा मरून कित्येक वर्षं झाली होती, तरीही.

सादिरकुल म्हणाला, "तिच्या वतीनं मी सांगतो."

"सेइलकान झानुझाकोवा," एजे म्हणाली.

कोइचुमान अर्धवट उठला. बापाचं नाव भावजयीच्या तोंडून ऐकणं म्हणजे त्याच्यासाठी डोक्यावरचा कलपाक कोणी खाली टाकल्यासारखं होतं. पण ती दाराच्या दिशेनं पाहत होती, आणि वेनेरा लिहीत होती. तो पुन्हा बसला.

"आता बायके, तुम्ही सांगा," वेनेरा सादिरकुलला म्हणाली. "तुमच्या वाट्याला काय लिहू?"

सादिरकुल खुर्चीत मागे रेलला. बघणारे होते, त्यामुळे त्याला रंग चढला. "जे हलतं ते माझं! घोडे सगळे. ट्रक, गाडी. आणि बाजारातलं दुकान, तेवढं एक उभं. बाकी जमिनीला चिकटलेलं आहे ते तिला राहू दे. घर, कोठार, पाटाखालचं शेत. बाईमाणूस, कुठे जाणार आहे!"

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या दृष्टीनं त्यानं मोठं मन दाखवलं होतं आणि तोटाही करून घेतला नव्हता. त्यांचे आजे तंबूत राहिलेले. तंबू बायकांनी उभारायचा, बायकांनी मोडायचा, पुरुषानं कळप राखायचा आणि आत येऊन वरच्या जागी बसायचं. तंबू कोणाचा, हा प्रश्न कोणी कोणाला कधी विचारलाच नव्हता.

वेनेरानं पेन थांबवलं. "पुन्हा विचारते. यानंतर घराची मालकीण ही एकटी. त्या घरात कोण राहणार ते ही ठरवणार. कळलं?"

"वेनेरा, माझ्या घरात मी खोकल्याशिवाय कोंबडी अंडं घालत नाही."

"तेही लिहू का?"

सगळे हसले. एजेसुद्धा हसली. मग दोघांनी सह्या केल्या, शिक्का पडला. बाहेर आल्यावर पुरुष मंडळी घोडीच्या मांसाचा बेत करायला निघाली आणि एजे एकटीच चालत जमीन-नोंदणीच्या कचेरीत गेली. घर, कोठार आणि शेत तिच्या नावावर चढवायचा अर्ज तिनं तिथं उभ्याउभ्याच भरला.

निकाहाच्या दिवशी तिनं ते मखमली चापान घातलं, बाह्या दुमडून. मुल्लानं विचारलं, तिनं हो म्हटलं. मीरगुलच्या डोक्यावर रुमाल तिनंच घातला. लोक म्हणाले, थोरली असावी तर अशी. मीरगुल पीक निघेपर्यंत माहेरीच राहणार होती. तेवढे महिने सादिरकुल घरातच होता, आणि एजे त्याला रोज सकाळी चहा देत होती, थोडा थोडा, मागेल तितक्यांदा. बागेकडच्या खोल्यांना त्यानं नवा रंग दिला. एजेनं रंगाचे शिंतोडे पुसले. या दिवसांबद्दल माझ्या आईनं तिला एकदा विचारलं होतं की तुला जमलं कसं गं? ती म्हणाली, "राजमा शेंगेत वाळू द्यावा लागतो. आधी तोडला की बुरशी धरते."

राजमा वाळला. मळणी झाली, कोठार छतापर्यंत भरलं, व्यापारी येणार असल्याचा निरोप आला. त्याच आठवड्यात सादिरकुल ट्रकमधून मीरगुलला घेऊन आला. मागे तिच्या गोधड्यांची चळत, लाकडी पेटी, आरसा. पुढे कोइचुमान बसलेला. आमच्या गल्लीतले सगळे आपापल्या दारात काही ना काही काम काढून उभे होते.

एजेनं दस्तरखान आधीच मांडला होता. ताजी नान, तळलेले पिठाचे बोरसोक, लोणी, जर्दाळूचा मुरंबा. ती समोवाराशी बसली. पहिला प्याला तिनं कोइचुमानसाठी भरला, काठोकाठ. दुसरा मीरगुलसाठी, काठोकाठ. तिसरा, निळ्या काठाचा, नवऱ्यासाठी. तो इतका भरला की चहा काठावरून वर फुगून थरथरत राहिला.

कोणी हात पुढे केला नाही.

"केलिन," कोइचुमान हळूच म्हणाला, "हात कापतोय का तुझा?"

"नाही बायके. आज तर अगदी स्थिर आहे."

"हा काय प्रकार आहे?" सादिरकुल म्हणाला.

"चहा आहे. प्या, गार होईल. आणि ट्रकमधल्या गोधड्या उतरवू नका, पुन्हा चढवायचा त्रास."

"माझ्या घरात तू मला...!"

"तुमचं ते हलतं. हे चिकटलेलं आहे."

मीरगुलनं पहिल्यांदा नवऱ्याकडे नीट पाहिलं. तिला करारातलं काहीच माहीत नव्हतं. सादिरकुलनं तिला सांगितलं होतं ते फक्त मोठ्या खिडक्यांबद्दल.

"लोक काय म्हणतील?" सादिरकुलचा आवाज खाली आला होता.

"लोकांना मी चहा देईन," एजे म्हणाली. "थोडा थोडा."

कोइचुमाननं गावच्या पोलिसाला बोलावलं. तो पोरगा आला, नोंदणीचा कागद पाहिला, सादिरकुलसमोर छातीवर हात ठेवून मान झुकवली आणि म्हणाला, "बायके, घर एजेचं आहे. मी तुम्हाला ट्रकपर्यंत सोडतो." पुढे सादिरकुल कोर्टातही गेला. न्यायाधीशबाईंनी विचारलं की वाटे कोणी पाडले. त्यानंच पाडले, असं ते दोन म्हातारे शपथेवर सांगून गेले. घोडे, ट्रक, गाडी आणि दुकान असलेला माणूस उघड्यावर पडला म्हणायला कोर्ट तयार झालं नाही.

नवं जोडपं दुकानामागच्या खोलीत राहू लागलं. शेजारी नान भाजणाऱ्याची भट्टी होती. एजे म्हणायची, "ऊब असते तिथं."

पण तिचं तेवढ्यानं भागलं नाही. व्यापारी आले ते नेहमीप्रमाणे कोठारावर, आणि या वेळी खुर्चीत ती बसली. सादिरकुलकडे ट्रक होता पण माल ठेवायला जागा नव्हती, आणि शेतकरी माल घालायचे ते कोठार बघून. दुसऱ्या हंगामात त्यानं घोडे विकायला काढले. तिसऱ्या हंगामात तो भाड्यानं माल वाहायला तिच्याच कोठारापुढे येऊन उभा राहिला. एजेनं त्याला काम नाकारलं नाही. त्याला रांगेत शेवटी उभं केलं, आणि त्याचा नंबर येईपर्यंत दार उघडं ठेवून आत बसली, म्हणजे त्याला ती खुर्ची दिसावी.

जीपारला हे सोसवेना. "आई, बाबांना एक खोली दे ना. मागची दे."

"दे की. तुझ्या सासरी दे."

घर तिनं तोवर जीपारच्या नावावर बक्षीसपत्रानं करून टाकलं होतं. जीव असेपर्यंत स्वतः राहायचा हक्क ठेवून. त्याला सादिरकुलची सही लागली नाही. लागली असती तर तिला आणखी आवडलं असतं, असं मला वाटतं.

एकदा मीरगुल आली. कडेवर मूल होतं. दारातल्या जर्दाळूखाली उभी राहिली, आत आली नाही.

"एजे, त्यांना घटस्फोट द्या. आमचा नुसता निकाह आहे. सरकारी नोंद झाल्याशिवाय माझं कशावरच नाव लागत नाही. दुकानावरसुद्धा नाही."

"मुलगा आहे का गं?"

"मुलगी."

"मुलीला तिच्या बापाचं मिळेल. तेवढी नोंद करून घे, सोड नकोस." एजेनं बाळाच्या मुठीत साखरेचा खडा ठेवला. "पण घटस्फोट कशाला? आमचं कुठे भांडण आहे? मी रोज सकाळी चहा ओतते त्यांना."

मीरगुल त्या वर्षाच्या शेवटी मुलीला घेऊन रशियात कामाला गेली. परत आली नाही. माझी आई म्हणाली, "त्या पोरीचा काय दोष होता, सेइलकान?" एजे निवडलेल्या राजम्यात पुन्हा हात घालून तो पुन्हा निवडत बसली. त्या दिवशी मात्र तिनं राजमा निवडायला आलेल्या आम्हा सगळ्यांना लवकर घरी पाठवलं.

मग ती आजारी पडली. हिवाळ्यात खोकला लागला तो वसंतातही सुटला नाही. जीपार येऊन राहिली, आईची गादी तिनं बागेकडच्या खोलीत मोठ्या खिडकीशी घातली. सकाळचा निळा प्याला एजे तिच्याकडून भरून घ्यायची आणि झाडाशी रिकामा करायला लावायची. जर्दाळूचं झाड मिठाच्या चहानं मरेल असं सगळे म्हणत आले होते. त्या वर्षी ते इतकं फुललं की गादीवरून आकाश दिसत नव्हतं.

एका सकाळी सादिरकुल आला, काठी टेकत. ट्रक केव्हाच गेला होता. जीपारनं बापाला नाही म्हटलं नाही; दस्तरखान गादीजवळच घातला. तो वरच्या जागी बसला नाही, दाराशी बसला. खोलीत आम्ही दोघी-तिघी शेजारणी होतो. त्या आठवड्यातच एजे गेली. त्या सकाळनंतर ती पाणी मागण्याइतकंही बोलली नाही.

तो म्हणाला, "सेइलकान, मला मोठी खोली नको. मागची चालेल. चुलीच्या भिंतीची."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. रागानं नाही, राजमा हातावर घेऊन पाहायची तसं. जीपारनं डोळे पुसत समोवाराची तोटी उघडली, निळ्या काठाचा प्याला घेतला, हव्याशा पाहुण्याला द्यावा तसा त्यात तळ झाकेल इतकाच चहा ओतला आणि बापापुढे धरला.

एजेनं मान किंचित उचलली, प्याल्यात पाहिलं.

"कमी घातलास गं," ती म्हणाली. "भरून दे त्यांना."